लोईस आजीची शाळा
(फिलिपाईन बेटांतील शिक्षिका-आजींच्या दीर्घ आयुष्यावरून मंडळ्यांसाठी एक पाठ)

शास्त्रभाग : २ तीमथ्य १:३-५ व ३:१४-१५, रूथ ४:१३-१७, स्तोत्र ७१:१७-१८, १ तीमथ्य ५:४.

प्रेषित पौल बंदीत असता त्याने आपल्या प्रिय तीमथ्यास जे दुसरे पत्र लिहिले, त्याच्या आरंभीच तो दोन स्त्रियांचे स्मरण करतो. एक तीमथ्याची आई युनीके, व दुसरी त्याची आजी लोईस. सबंध पवित्र शास्त्रात लोईस हे नाव ह्या एकाच ठिकाणी आले आहे. तिने मंडळी स्थापिल्याचे, प्रवास केल्याचे, अथवा काही चमत्कार केल्याचे कोठे लिहिलेले नाही. तिच्या ठायी खरा विश्वास होता, आणि तोच पुढे तिच्या कन्येच्या व नातवाच्या ठायी दिसून आला, एवढेच प्रेषित सांगतो. परंतु हे 'एवढेच' किती मोठे आहे, ह्याचा विचार आपण क्वचितच करतो.

प्रेषितांची कृत्ये ह्या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायावरून कळते की, तीमथ्याची आई यहूदी असून बाप हेल्लेणी होता, व ते कुटुंब लुस्त्र येथील, म्हणजे यहूदी देशापासून फार दूरच्या मुलुखातले होते. अशा घरात दोन रीती व दोन भाषा नांदत असणार. मूल रस्त्यावर जाई तेव्हा एक जग, आणि घरी येई तेव्हा दुसरे. तरीही त्या मुलास बालपणापासून पवित्र लेखांचा परिचय होता, असे पौल लिहितो. मग तो परिचय करून देणारी शाळा कोणती? ती शाळा घरातच होती, आणि तिचा पाया आजीने घातला होता.

आज आम्ही ह्या लोईस आजीचा अर्थ समजून घेण्याकरिता वाचकांस दूर समुद्रापलीकडे नेणार आहो. फिलिपाईन बेटांतील ज्या स्त्रिया तरुणपणी गावोगाव शिक्षिका झाल्या, ज्यांनी युद्ध पाहिले, आणि उतारवयात लेकरांच्या मागोमाग अमेरिकेस जाऊन नातवंडांत राहिल्या, त्यांचे आयुष्य आजच्या पाठाचा विषय आहे. कोणा एका घरच्या खाजगी गोष्टी आम्ही येथे सांगत नाही. एका संपूर्ण पिढीने जे भोगले व जे केले, ते सांगतो. ह्या पाठाचे सार आधीच सांगून ठेवतो, ते असे की, ज्या लोकांत आजी नाही, त्यांच्या हातून भाषा व विश्वास ही दोन्ही निसटू लागतात. आणि आजी ही घरातील ओझे नसून घरातील शाळा होय.

१. शाळा आली ती कशी

फिलिपाईन हा सात हजारांहून अधिक बेटांचा देश आहे. १५६५ सालापासून तीनशेहून अधिक वर्षे तेथे स्पेन देशाचे राज्य होते. त्या काळात बहुतेक लोक रोमन मंडळीत आले, व आजही तेथील बहुसंख्य लोक त्याच मंडळीचे आहेत. १८९८ साली स्पेनचा अमेरिकेशी युद्धात पराभव झाला, आणि त्या वर्षी डिसेंबरात पॅरिस येथे झालेल्या तहाने ही बेटे दोन कोटी डॉलरांच्या मोबदल्यात अमेरिकेच्या स्वाधीन करण्यात आली. तेथील लोकांस मात्र कोणी विचारले नाही. त्यांनी स्वातंत्र्यासाठी शस्त्र धरले व पुष्कळ रक्त सांडले. हे आम्ही मुद्दाम सांगतो, कारण ज्या शाळांची हकीकत पुढे येते त्या शाळा परक्या सत्तेबरोबर आल्या, ही गोष्ट झाकून ठेवणे योग्य नव्हे.

१९०१ सालच्या जानेवारीत तेथे सार्वजनिक शिक्षणाचा कायदा होऊन मोफत प्राथमिक शाळा स्थापन झाल्या, व शिकविण्याची भाषा इंग्रजी ठरली. त्याच वर्षी ऑगस्टात 'थॉमस' नावाच्या जहाजातून सुमारे ५०० अमेरिकन शिक्षक मनिला बंदरात उतरले. जहाजाच्या नावावरून लोक त्यांस 'थॉमसाईट' म्हणू लागले. पुढच्याच महिन्यात मनिला येथे देशी शिक्षक तयार करण्याकरिता नॉर्मल स्कूल उघडले. मिशनऱ्यांनीही आपला वाटा उचलला. दुमागेते गावी प्रेस्बिटेरियन मिशनने १९०१ साली काढलेली सिलिमन नावाची शाळा आज मोठे विद्यापीठ झाली आहे. आरंभी ती मुलांचीच होती. पुढे मुलींसही तिचे दार उघडले. मनिला येथे मेथडिस्ट भगिनींनी १९०३ साली सेविका तयार करण्याची शाळा सुरू केली. तागालोग भाषेतील संपूर्ण पवित्र शास्त्र १९०५ साली प्रसिद्ध झाले.

आपल्या वाचकांस ह्यात एक ओळखीचा धागा दिसेल. ज्या अमेरिकन बोर्डाचे पहिले मिशनरी १८१३ साली मुंबईस आले आणि ज्याच्या कार्यातून पुढे अहमदनगर व आसपासच्या मंडळ्या उभ्या राहिल्या, त्याच बोर्डाने विसाव्या शतकाच्या आरंभी फिलिपाईनमधील मिंडानाओ बेटावरही कार्य सुरू केले. तेव्हा तेथील शिक्षिका व आपल्याकडील जुन्या मास्तरीणबाई ह्या एका अर्थाने एकाच गोतातल्या होत.

२. गावची मास्तरीण

थोड्याच वर्षांत अमेरिकन शिक्षकांची संख्या घटून गावोगावच्या शाळा देशी शिक्षक चालवू लागले, आणि त्यांत स्त्रियांचा भरणा मोठा होता. बांबूच्या भिंती, निपा नावाच्या झाडाच्या पानांचे छप्पर, पुढे मुलांनी राखलेली भाजीची बाग, अशी पुष्कळ खेड्यांतील शाळा असे. मुलाबाळांस अक्षर, अंक, स्वच्छता व शिवणकाम शिकवावे, रात्री शेजारणीचे पत्र वाचून दाखवावे, आजाऱ्यास औषध कसे द्यावे ते सांगावे, अशी नाना कामे मास्तरीणबाईंच्या अंगावर पडत. स्पॅनिश काळापासून चालत आलेल्या 'मायेस्त्रा' ह्या शब्दाने लोक तिला आदराने हाक मारीत.

एक गोष्ट येथे लक्षात ठेवावी, कारण पुढे तिचे काम पडणार आहे. ह्या मायेस्त्राला स्वतःच्या भाषेत शिकविण्याची मुभा नव्हती. घरी ती इलोकानो, तागालोग किंवा विसायन भाषा बोले, परंतु वर्गात इंग्रजीच. पुष्कळ शाळांत मुलाच्या तोंडून मातृभाषेचा शब्द निघाला तर त्यास दंड होई. लेकरांच्या जिभेवरून त्यांची बोली पुसण्याचे काम, नकळत का होईना, तिच्याच हातून करून घेतले जात होते.

तरी शिक्षणाने त्या स्त्रियांस बळ दिले, हेही खरे. १९३७ सालच्या एप्रिलच्या ३० तारखेस स्त्रियांनाच असा प्रश्न घालण्यात आला की, तुम्हांस मताचा अधिकार पाहिजे काय? निदान तीन लाख स्त्रियांनी होकार दिला तरच तो मिळावयाचा होता. ४,४७,७२५ स्त्रियांनी होकार दिला. नकार देणाऱ्या ४४,३०७ निघाल्या.

मग युद्ध आले. १९४१ सालच्या डिसेंबरात जपानी सैन्य उतरले व १९४२ च्या जानेवारीत मनिला त्यांच्या ताब्यात गेले. शाळा बंद पडल्या. ज्या पुन्हा उघडल्या त्यांत जपानी भाषा शिकविण्याचा हुकूम झाला. दुसऱ्यांदा एक परकी भाषा मास्तरीणबाईंच्या तोंडी घालण्यात आली. १९४५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मनिला शहरासाठी जी लढाई झाली तीत सुमारे एक लाख नागरिक मेले. होसेफा यानेस एस्कोदा ही बाई १८९८ साली जन्मली होती. शिक्षिकेचे काम करून पुढे तिने आपल्या देशात बालिकांची स्काउट संघटना उभारली. युद्धकैद्यांस अन्न व निरोप पोहोचविल्यावरून १९४४ साली तिला पकडण्यात आले, आणि १९४५ च्या आरंभानंतर ती कोणास दिसली नाही. अशा कित्येक शिक्षिका आजी होण्याइतक्या जगल्याच नाहीत. ज्या जगल्या, त्यांनी आपले दीर्घायुष्य हे उसने मिळालेले धन आहे असे मानले असल्यास नवल काय?

३. आजीवाचून राहिलेली माणसे

आता दुसरीकडे दृष्टी वळवू. ज्या काळात ह्या स्त्रिया बेटांवर शिकवीत होत्या, त्याच काळात त्यांचे भाऊबंद मजुरीसाठी समुद्र ओलांडून जात होते. १९०६ सालच्या डिसेंबरात पंधरा फिलिपिनो पुरुष हवाई बेटांतील होनोलुलू बंदरात उतरले. त्यांस उसाच्या मळ्यांवर नेण्यात आले. पुढील चाळीस वर्षांत सव्वा लाखाच्या आसपास मजूर त्याच वाटेने गेले. कित्येक पुढे कॅलिफोर्निया प्रांतात शतावरी, द्राक्षे व कोबीच्या शेतांवर राबले. मालकांस हात पाहिजे होते, घरे नको होती. म्हणून आले ते बहुतेक पुरुष. १९३० च्या सुमारास कॅलिफोर्नियात सुमारे चौदा फिलिपिनो पुरुषांमागे एक फिलिपिनो स्त्री होती.

ह्यावर कायद्याने आणखी कुलूप घातले. १९३३ साली कॅलिफोर्नियाने फिलिपिनो पुरुषाने गोऱ्या स्त्रीशी विवाह करणे बेकायदेशीर ठरविले. ही बंदी १९४८ साली तेथील वरिष्ठ न्यायालयाने रद्द करीपर्यंत टिकली. १९३४ च्या कायद्याने अमेरिकेत येणाऱ्या फिलिपिनो लोकांची संख्या वर्षाला अवघी पन्नास केली. तेव्हा जो आत होता त्याची आई, बहीण किंवा वाग्दत्त वधू बाहेर राहिली. हजारो पुरुष शेतमजुरांच्या खोल्यांत एकटेच म्हातारे झाले. तरुण पिढी त्यांस 'मनोंग' म्हणजे इलोकानो भाषेत थोरला भाऊ म्हणू लागली. तो शब्द मायेचा आहे. परंतु त्यातच त्यांचे दुःखही आहे. ते सर्वांचे थोरले भाऊ झाले, पण त्यांपैकी कित्येक कोणाचे आजोबा झाले नाहीत.

सान फ्रान्सिस्को शहरी 'इंटरनॅशनल हॉटेल' नावाच्या जुन्या इमारतीत अशी वृद्ध माणसे थोड्या भाड्याने राहत. १९७७ सालच्या ऑगस्टच्या ४ तारखेस, पहाट होण्यापूर्वी, पोलिसांनी त्यांस बाहेर काढले. हजारो माणसे हातांत हात गुंफून दाराशी उभी राहिली होती. तरी त्या म्हाताऱ्यांस रस्ता धरावा लागला. ज्यांनी आयुष्यभर त्या देशास भाजीपाला व साखर खाऊ घातली, त्यांस अखेरीस दार उघडणारी लेक किंवा सून नव्हती. वाचकहो, कुटुंब मोडून केवळ हात विकत घेतले म्हणजे काय होते, ते ह्यावरून शिकावे.

४. दार उघडले

१९४६ साली अमेरिकेने कायदा करून फिलिपिनो व हिंदी अशा दोन्ही लोकांस नागरिक होण्याची मुभा दिली, व प्रत्येक देशास वर्षाला सुमारे शंभर जणांची संख्या नेमून दिली. शंभर ही संख्या हास्यास्पद लहान होती. परंतु फिलिपिनो मनुष्याचे व आपल्या हिंदी मनुष्याचे भाग्य त्या दिवशी एकाच कागदावर लिहिले गेले, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. खरे दार उघडले ते १९६५ च्या कायद्याने. त्याने देशपरत्वे असलेला जुना पंक्तिभेद काढून टाकला, आणि कुटुंबाचे नाते हा प्रवेशाचा एक मुख्य आधार केला. अमेरिकन नागरिकाच्या आईबापांस तर संख्येची मर्यादाच राहिली नाही.

त्यामुळे असा क्रम चालू झाला : मुलगी परिचारिका होऊन रुग्णालयात कामास जाई, किंवा मुलगा कारकुनी वा नौदलाची नोकरी धरी, काही वर्षे राहून ते नागरिक होत, मग आईसाठी अर्ज करीत. अशा रीतीने निवृत्त झालेली गावची मास्तरीण साठी-पासष्टीच्या वयात विमानातून उतरली, आणि नातवंडांची 'लोला' झाली. तागालोग भाषेत आजीस लोला म्हणतात. ज्या भूमीवर मनोंग आजीवाचून म्हातारे झाले, त्याच भूमीवर आजी येऊन पोहोचली.

५. आजीची दुसरी शाळा

ह्या येण्यात सुखच होते असे नाही. तीस-चाळीस वर्षे शिकविलेल्या बाईंच्या प्रमाणपत्रास नव्या देशात पुष्कळदा किंमत नसे. कित्येकींनी परक्यांची मुले किंवा परके म्हातारे सांभाळण्याची नोकरी धरली. कित्येकींच्या वाट्यास दिवसभर बंद घर, पाळण्यातले मूल व खिडकीबाहेरचा बर्फ एवढेच आले. गावात जिला रस्त्याने जाताना प्रत्येकजण वाकून भेटे, तिला शेजारी कोण राहतो हेही ठाऊक नसावयाचे. लेकीसुनांनीही कधी तिला बिनपगारी दाई समजून वागविले.

तथापि ह्याच बंद घरात तिची दुसरी शाळा भरली. येथे देवाची करणी पाहा. तरुणपणी जिला मातृभाषा बाजूस ठेवून इंग्रजी शिकवावे लागले, तीच आता इंग्रजीखेरीज काही न जाणणाऱ्या नातवंडांस मातृभाषेचा पहिला शब्द शिकवू लागली. पूर्वी खेड्यातील मुलास ती परक्या देशाची बाराखडी देत होती. आता परक्या देशातील मुलास खेड्याची बोली देऊ लागली. थोरांशी बोलताना वाक्यात 'पो' हा आदराचा शब्द घालावा, हे तिने शिकविले. आपण जसे थोरांस 'अहो' म्हणतो, तशातला हा प्रकार आहे. वडील मनुष्य दिसताच त्याचा हात आपल्या कपाळास लावावा, ही त्या लोकांची जुनी रीत आहे. तीही तिनेच नातवंडांच्या अंगी बाणविली. भात कसा शिजवावा, मेलेल्यांची नावे कशी आठवावी, जेवणापूर्वी उपकारस्तुती कशी करावी, हे सर्व तिच्या अभ्यासक्रमात होते. त्या आजींपैकी बहुतेकींच्या हातात जपमाळ असे. तिच्याविषयी आमची शिकवण वेगळी आहे, हे वाचक जाणतात. परंतु पहाटे उठून नातवंडांची एकेकाची नावे घेऊन देवाजवळ बोलणारी आजी पाहिली म्हणजे तिच्यापासून शिकण्याजोगे पुष्कळ आहे, असेच आम्ही म्हणू.

शिक्षिकेचे काम निवृत्तीने संपत नाही, ह्याचे एक प्रसिद्ध उदाहरण देतो. हेलन अगकाओइली समर्स ब्राउन ह्या बाई १९१५ साली मनिला येथे जन्मल्या. तरुणपणी त्या कॅलिफोर्नियात आल्या, लॉस एंजेलिस येथील विद्यापीठात शिकल्या, व त्याच शहरातील शाळांत त्यांनी अनेक वर्षे शिकविले. आपल्या लोकांच्या मुलांस आपला पूर्ववृत्तांत ठाऊक नाही, शाळेच्या पुस्तकांतही तो नाही, ही खंत त्यांच्या मनात होती. तेव्हा वयाच्या सत्तरीत, १९८५ साली, त्यांनी जमविलेली पुस्तके व कागदपत्रे मांडून फिलिपिनो-अमेरिकन लोकांसाठी एक वाचनालय उघडले. लोक त्यांस 'हेलन मावशी' अशा अर्थाच्या नावाने हाक मारीत. २०११ साली, पंचाण्णव वर्षांच्या होऊन, त्या निवर्तल्या. ज्या वयात पुष्कळांस वाटते की आता आपले काय राहिले आहे, त्या वयात त्यांनी नवी शाळा उघडली.

आज अमेरिकेत फिलिपिनो वंशाचे ४० लाखांहून अधिक लोक राहतात. त्यांच्या घरातील भाषा पुष्कळ ठिकाणी क्षीण झाली आहे, आणि आजीचे सगळेच प्रयत्न सफळ झाले असे म्हणता येणार नाही. परंतु जेथे नातवाच्या तोंडी अजून 'पो' शब्द येतो, तेथे शोध केला असता बहुधा एखादी लोलाच सापडते.

६. शास्त्र काय शिकविते

रूथच्या पुस्तकातील नामीची गोष्ट सर्वांस पाठ आहे. दुष्काळामुळे ती मवाब देशी गेली, तेथे नवरा व दोन्ही मुलगे गमावून रिकाम्या हाती परत आली. आपले नावही आता गोड राहिले नाही, असे ती म्हणू लागली. पण गोष्टीच्या शेवटी काय होते? ओबेद जन्मतो, आणि नामी त्यास उराशी धरून त्याची दाई होते. ते मूल तिच्या रक्ताचे नव्हते. तरी शेजारणींनी ते नामीचेच मानले. त्या ओबेदाचा नातू तो दावीद. देवाने राजाच्या वंशाची वाट एका परदेशी सुनेच्या व एका थकलेल्या सासूच्या मांडीवरून नेली.

एकाहत्तराव्या स्तोत्रातील वृद्ध भक्त केस पिकल्यावर देवापाशी काय मागतो, तेही पाहावे. तो विसावा मागत नाही. पुढल्या पिढीस देवाचे सामर्थ्य सांगून होईपर्यंत मला टाकू नको, असे मागतो. दीर्घायुष्य हे देवाचे देणे आहे खरे. परंतु ते कशासाठी दिले आहे, हे त्या प्रार्थनेवरून कळते. आणि वृद्धांचे जसे हे कर्तव्य, तसे तरुणांचेही आहे. १ तीमथ्य ५:४ मध्ये प्रेषित सांगतो की, विधवेस मुले किंवा नातवंडे असतील तर त्यांनी प्रथम आपल्या घरी सुभक्ती दाखवावी व वडिलांचे ऋण फेडावे. देवळात मोठ्याने गाणे गाऊन घरी आजीस पडवीत एकटी जेवावयास बसविणे, ह्यास सुभक्ती म्हणता येणार नाही.

७. आपल्या मंडळ्यांस लागू

हवाई बेटांतील उसाची गोष्ट आमच्या नगर-बीडकडील वाचकांस परकी वाटणार नाही. दिवाळीच्या सुमारास गाड्या भरून कुटुंबे ऊसतोडीस जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. ते कारखान्याच्या फडात पाचसहा महिने राहतात, आणि शाळेत जाणारी लेकरे पुष्कळदा गावी आजीजवळ ठेवली जातात. त्या महिन्यांत वस्तीवर पाहावे तो सुरकुतलेले हात व लहान डोकी एवढीच दिसतात. ह्यास आपण केवळ आपत्ती समजतो. ती आपत्ती आहेच. परंतु फिलिपाईनच्या मनोंगास जी आजी मिळाली नाही, ती आपल्या वस्तीवर अजून आहे. तेव्हा ह्या महिन्यांत मंडळीची खरी शिक्षिका कोण, हे उपदेशकांनी ओळखावे. त्याकरिता आम्ही चार गोष्टी सुचवितो.

पहिली गोष्ट : तोडणीच्या दिवसांत आठवड्यातून एक संध्याकाळ आजी व नातवंडे ह्यांचीच प्रार्थनासभा एखाद्या ओट्यावर भरवावी. लेकराने शास्त्राचा एक भाग वाचावा, आणि देवाने आपल्या आयुष्यात काय केले ते आजीने सांगावे. आजी निरक्षर असली तरी बिघडत नाही. वाचणे नातवाकडे आहे, साक्ष तिच्याकडे आहे. दोहोंची गाठ घातली म्हणजे पाठ पुरा होतो.

दुसरी गोष्ट : पगार नाही म्हणून शिकविणे थांबू नये. मिंडानाओ बेटावरील लानाओ येथे अमेरिकन बोर्डाचे फ्रँक लॉबाक हे १९३० सालापासून मारानाओ नावाच्या मुसलमान लोकांस वाचावयास शिकवीत होते. पैसा संपून शिक्षकांचे पगार बंद पडण्याची वेळ आली, तेव्हा तेथील एका सरदारानेच नियम घातला की, जो शिकेल त्याने दुसऱ्या एकास शिकवावे. ती रीत पुढे पुष्कळ देशांत गेली, आणि १९३५ साली लॉबाक हिंदुस्थानातही आले. आपल्या मंडळीत ज्या भगिनी शाळेतून निवृत्त झाल्या आहेत, त्यांस शाब्बाथशाळेचा वर्ग द्यावा, व त्या प्रत्येकीने एक तरुण मुलगी आपल्या हाताखाली तयार करावी.

तिसरी गोष्ट : जुन्या बायकांस जे ठाऊक आहे ते लिहून घ्यावे. आपल्या गावी पहिला बाप्तिस्मा कोणाचा झाला, वाळीत टाकले तेव्हा पाणी कोठून आणले, देवळाच्या भिंतीस माती कोणी वाहिली, कोणती गीते आता कोणी गात नाही, हे कोणत्याही पुस्तकात नाही. एक आजी गेली म्हणजे मंडळीच्या इतिहासाची काही पाने तिच्याबरोबर मातीत जातात. हेलन बाईंनी सत्तरीत वाचनालय काढले. आपल्याला एक वही व एक पेन्सिल पुरे आहे.

चौथी गोष्ट : आजीस शाळा म्हणावे, पण बैल करू नये. नातवंडे तिच्यावर टाकून जाताना तिच्या औषधाची, धान्याची व विसाव्याची सोय केली आहे काय, हे मुलांनी पाहावे, आणि ते पाहतात की नाही हे पंचांनी पाहावे. ज्या घरात तिला दाई समजतात त्या घरात तिचा उपदेश मूल ऐकत नाही; कारण ज्याचा मान आईबाप राखीत नाहीत त्याचा शब्द लेकरू कशास मानील?

प्रिय बंधुभगिनींनो, तीमथ्य इफिस येथील मंडळीचा पुढारी झाला. त्याच्या उपदेशाने किती जण प्रभूकडे आले, हे आपल्यास ठाऊक नाही. परंतु त्या सर्वांच्या पाठीमागे लुस्त्र गावच्या एका घरात एक म्हातारी बसलेली आहे, आणि पौलासारखा थोर प्रेषित बंदीतही तिला विसरला नाही. आपल्या वस्तीवरही अशी कोणी असेल. ह्या आठवड्यात तिच्या दारी जावे, तिच्याजवळ बसावे, आणि तिला विचारावे की, आजी, तुम्ही काय शिकलात ते आम्हांस सांगा.

मंडळीत विचारावयाचे प्रश्न

१. लोईसचा विश्वास तीमथ्यापर्यंत कोणत्या मार्गाने पोहोचला? आपल्या घरात तो मार्ग खुला आहे काय?

२. फिलिपिनो मजुरांस कुटुंबावाचून राहावे लागल्यामुळे त्यांच्या म्हातारपणी काय झाले? आपल्या गावातून कामास जाणाऱ्या माणसांविषयी ह्यावरून काय शिकावे?

३. मास्तरीणबाईंनी तरुणपणी कोणती भाषा शिकविली व म्हातारपणी कोणती? आपल्या लेकरांस प्रार्थना करण्यास आपण कोणत्या शब्दांनी शिकवितो?

४. आपल्या मंडळीतील सर्वांत वृद्ध भगिनी कोण? तिच्या तोंडून मंडळीचा इतिहास लिहून घेण्याचे काम कोणी पत्करील?

ह्या आठवड्याच्या प्रार्थनेचा विषय : नातवंडे सांभाळणाऱ्या सर्व आजींस देवाने बळ, अन्न व धीर द्यावा, आणि ज्यांस कोणी नाही अशा वृद्धांस मंडळीने लेक-सून होऊन दार उघडावे.